सिंड्रेला नाशकात आली, पण चौथ्या प्रकरणात अडली

प्रश्न थोडक्यात असा: "मी सिडकोत राहते, शाळेत शिकवते. सिंड्रेलाची गोष्ट नाशकात आणून एक उपरोधिक अद्भुत कादंबरी लिहितेय. नायिका भद्रकालीतल्या जुन्या वाड्यात सावत्र आईकडे राहते. आईचं मेन रोडला साड्यांचं दुकान आहे. परीच्या जागी त्र्यंबकची मावशी आहे, भोपळ्याच्या जागी लासलगावचा कांदा आहे आणि नाच गंगापूर रोडवरच्या रिसॉर्टवर होतो. मैत्रिणी पहिली तीन प्रकरणं वाचून पोट धरून हसतात आणि चौथ्यापासून गप्प होतात. काय बिघडतंय? श्रावणातल्या कहाण्यांची भाषा निवेदनाला वापरली तर चालेल का? आणि असलं काही मराठीत छापतं का कोणी?"

मी बरीच वर्षं नाशकात बसून मराठी हस्तलिखितांचं संपादन करते. लोककथा, परीकथा नव्याने सांगणाऱ्या कादंबऱ्या अलीकडे पुष्कळ येतात आणि त्यांतल्या बहुतेक तुमच्याच ठिकाणी अडतात. त्यामुळे जरा विस्ताराने लिहिते.

पहिल्या तीन प्रकरणांत तुम्ही गोष्टीचे कपडे बदलले आहेत. भोपळा गेला कांदा आला, परी गेली मावशी आली. वाचक पहिल्यांदा हसतो, दुसऱ्यांदा हसतो आणि तिसऱ्यांदा तुमच्या आधी उत्तर देतो. राजपुत्र म्हणजे बिल्डरचा मुलगा असणार, हे त्याला तो पानावर यायच्या आधीच कळलेलं असतं. नियम समजला की वाचकाला लेखकाची गरज उरत नाही. विडंबनकविता या संकटातून सुटते कारण ती पानाभरात संपते. केशवकुमारांच्या, म्हणजे आचार्य अत्र्यांच्या, 'झेंडूची फुले'मधली (१९२५) विडंबनं आजही हसवतात याचं एक कारण त्यांची लांबी आहे. दुसरं कारण असं की मूळ कवितेचा वृत्तासकट सगळा बाज अत्र्यांनी पचवलेला होता. कादंबरीला दोनशे पानं चालायचं असतं. अदलाबदलीच्या जोरावर ती वीस पानंही चालत नाही.

तुम्ही उपरोध बाहेरून आणून गोष्टीवर ओतताय. तो गोष्टीच्या पोटातच असतो, तिथून काढावा लागतो. त्यासाठी चित्रपटातली सिंड्रेला बाजूला ठेवून जुन्या आवृत्त्या वाचा, आणि वाचताना एकच पाहा: गोष्ट कुठे घाईघाईने पुढे सरकते? जिथे ती घाई करते तिथे काहीतरी झाकलेलं असतं. तुमची कादंबरी तिथे आहे.

शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली आपलं परीकथांचं पुस्तक काढलं. काचेचा जोडा, भोपळ्याची बग्गी, रात्री बाराची अट हे सगळं त्याचं. हा माणूस जंगलात राहणारा आजोबा नव्हता. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या हाताखाली त्याने वर्षानुवर्षं सरकारी नोकरी केली होती. दरबारात कोण कसा वर चढतो ते त्याने जवळून पाहिलं होतं. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तो पद्यात तात्पर्य देतो आणि सिंड्रेलाला त्याने दोन तात्पर्यं दिली आहेत. पहिलं अपेक्षित आहे: रूपापेक्षा मनाचा गोडवा मोठा. दुसरं मात्र वाचून मी तेव्हा खुर्चीत सरसावून बसले होते. त्याचा भावार्थ असा की बुद्धी, धैर्य, कूळ, शहाणपण सगळं अंगी असावं, पण पुढे सरकायला ते पुरत नाही, पाठीशी धर्मबाप किंवा धर्ममाय असावी लागते. म्हणजे वशिला. परी कोण होती? सिंड्रेलाची धर्ममाय. कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाने परीकथेच्या तळाशी हे लिहून ठेवलं, आणि मुलांच्या पुस्तकांतून ते नंतर गुपचूप गाळलं गेलं.

याच पेरोच्या गोष्टीत आणखी एक जागा आहे. बारा वाजतात, ती पळते, राजपुत्र फाटकावरच्या पहारेकऱ्यांना विचारतो, राजकन्या इकडून गेली का? ते म्हणतात, नाही, फाटक्या कपड्यांतली एक खेडवळ पोरगी तेवढी गेली. दोन ओळींचा प्रसंग. या पहारेकऱ्यांपैकी एकाला कादंबरीत घ्या, त्याची दुसऱ्या दिवशी चौकशी लावा, त्याच्याकडून लेखी खुलासा मागवा. त्याने खरं तेच सांगितलेलं आहे आणि त्याच्यावर खोटं बोलल्याचा ठपका आहे. एक प्रकरण उभं राहिलं, तेही कुठलीच अदलाबदल न करता.

आणि जोडा का नाहीसा झाला नाही? बग्गीचा भोपळा झाला, घोड्यांचे उंदीर झाले, जोडा तसाच. लोक याला पेरोची चूक म्हणतात. पण पेरोच्या मजकुरात बग्गी, घोडे, कपडे यांचं रूपांतर होतं, जोडा मात्र परी तिला देते. तो कशापासूनही बनवलेला नाही. म्हणजे रात्री बाराला जे मुदतीवर मिळालं होतं ते परत गेलं आणि जे बक्षीस होतं ते राहिलं. जादूचा हा हिशेब किती कडक आहे बघा! कंत्राटी नोकरी केलेल्या कुठल्याही मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

ग्रिम बंधूंच्या (पहिला खंड १८१२) नंतर रूढ झालेल्या आवृत्तीत परी नाही. आईच्या थडग्यावर उगवलेलं झाड आहे आणि पक्षी आहेत. बाराची अटही नाही. राजपुत्र मुलीला अडवायला राजवाड्याच्या पायऱ्यांना डांबर फासतो आणि तिचा सोन्याचा जोडा त्यात चिकटून राहतो. पायऱ्यांना डांबर! आमच्या शहरात हे काम निविदेशिवाय झालं नसतं आणि लग्न लागून पोरं झाल्यावर पूर्ण झालं असतं. पुढे जोडा बसत नाही म्हणून आई मोठीच्या हातात सुरी देते आणि म्हणते, काप अंगठा, राणी झालीस की तुला पायी चालावंच लागणार नाही. धाकटीला टाच कापायला लावते. या एका वाक्यापुढे तुमच्या सावत्र आईचे सगळे टोमणे फिके पडतात, कारण ते वाक्य दुष्टपणाने म्हटलेलं नाही. ती व्यवहार सांगते आहे. दहावी-बारावीच्या मुलांचे आईबाप तुम्ही शाळेत रोज पाहता, त्यांतली कितीतरी या वाक्याच्या आसपास बोलत असतील.

आता आपल्याकडे या. तुम्ही कहाण्यांच्या भाषेबद्दल विचारलंत, पण मला वाटतं तुम्ही भाषेच्या आधी कहाणीकडेच बघायला हवं होतं. श्रावणी सोमवारची शिवामुठीची कहाणी ही आपली सिंड्रेला आहे. आटपाट नगर, राजा, त्याला चार सुना. तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचा गोठा आणि काम गुराख्याचं. तिला नागकन्या, देवकन्या भेटतात, वसा देतात. तांदूळ, तीळ, मूग, जव अशी दर सोमवारी मूठ वाहायची आणि म्हणायचं, नावडती आहे ती आवडती कर रे देवा. शेवटी सासरा तिचा देव बघायला निघतो तर देऊळ सोन्याचं झालेलं. राजा पागोटं खुंटीवर ठेवतो, बाहेर पडतो, परत येतो तर ते देऊळ नाही. जागी एक लहानसं देऊळ, आत पिंडी, वर वाहिलेली पूजा आणि खुंटीला राजाचं पागोटं.

पेरोच्या गोष्टीत गरीब मुलीची वस्तू मागे राहते आणि राजघराणं ती घेऊन घरोघर फिरतं. आपल्या कहाणीत राजाचीच वस्तू गरिबाच्या देवळात राहते आणि राजाला ती घ्यायला बोडक्या डोक्याने परत यावं लागतं. मला दुसरी रचना जास्त धारदार वाटते. पागोटं नसलेला राजा वाटेत कुणाला भेटला? त्याला कुणी ओळखलं का? त्या अर्ध्या कोसात त्याच्याशी लोक कसे बोलले? कहाणी इथे घाई करते. एका वाक्यात तो जातो, पुढच्यात पोचतो.

तिने आणखी दोन ठिकाणी घाई केली आहे. नावडती नावडती का होती, हे कहाणी सांगतच नाही. तिचं रूप वाईट, स्वभाव वाईट, हुंडा कमी, काही म्हणजे काही नाही. चारांतली एक नावडती असते, बस. आणि दुसरी जागा तर कादंबरीच मागते. नावडती आवडती झाली, पालखीतून घरी गेली. गुरं? ती तशीच गोठ्यात आहेत. त्यांना पहाटे चारायला नेणारं कुणीतरी लागणार. नावडतीचं पद रिकामं झालंय आणि पद रद्द झाल्याचा उल्लेख कहाणीत कुठेही नाही. सिंड्रेलाचंही तेच. ती राजवाड्यात गेली, पण चूल सकाळी पेटणार आहे आणि राख कुणाला तरी काढायची आहे.

तुमच्या कादंबरीचा मधला भाग मला इथे दिसतो. नव्या नावडतीची नेमणूक. तीन आवडत्या सुनांपैकी कुणी व्हायचं? पाळी लावायची की चिठ्ठी टाकायची? बाहेरून नेमली तर तिला सून म्हणायचं का? आणि जी कालपर्यंत नावडती होती, ती आज या बैठकीत आवडत्यांच्या बाजूला बसली असेल तर ती काय बोलते? तुमची नायिका सगळ्या हस्तलिखितात एकदाही चुकीचं वागत नाही, म्हणून ती चौथ्या प्रकरणापासून कंटाळवाणी होते. या बैठकीत तिला पहिल्यांदा चुकीचं वागायची संधी मिळते. ती घेऊ द्या.

कांद्याबद्दल. तुमची ही कल्पना खरोखर चांगली आहे आणि तुम्ही ती दोन परिच्छेदांत वाया घालवली आहे. कांद्याची बग्गी झाली, सालं सोनेरी झाली, डोळ्यांत पाणी आलं, संपलं. अद्भुत कादंबरीत एकदा जादू झाली की तिचा नियम ठरवावा लागतो आणि मग तो नियम लेखकालाही मोडता येत नाही. समजा नियम असा: बग्गीचा आकार कांद्याच्या भावावर टिकतो. भाव चढा असेल तर सहा घोड्यांची, भाव पडला की टांगा, आणखी पडला की हातगाडी. मग बाराची घंटा हवीच कशाला? लासलगावच्या आवारात ट्रॅक्टरांची रांग लागलेली, व्यापारी एकेका ट्रॅक्टरजवळ येऊन हात घालून माल बघतात, क्विंटलमागे बोली होते, पुढे सरकतात. या लिलावावर तुमच्या नायिकेची अब्रू टांगलेली आहे. ती रिसॉर्टवर नाचतेय आणि दिल्लीहून निर्यातबंदीची बातमी येते. डिसेंबर २०२३ मध्ये अशी बातमी आली तेव्हा आपल्या जिल्ह्यात काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. बाहेर उभी असलेली बग्गी लहान होत जाते आणि कुणाला कळत नाही का. नायिकेला मात्र कळतं, कारण ती शेतकऱ्याची मुलगी आहे. (तुमच्या हस्तलिखितात तिचा बाप कोण होता याचा पत्ताच नाही. तो निफाडकडचा कांदा-उत्पादक होता असं ठरवलंत तर कितीतरी गाठी आपोआप सुटतील.)

पुढे आणखी खोलात जा. मावशीने कुठला कांदा घेतला? लाल की उन्हाळ? उन्हाळ कांदाचाळीत टिकतो, लाल टिकत नाही. मग लाल कांद्याची बग्गी घाईची आणि उन्हाळ कांद्याची बग्गी महिनोन्‌महिने ठेवता येणारी, पण तळाला सडत जाणारी. गोलटी, म्हणजे बारीक कांदा, निघाली तर सावत्र बहिणींना तिच्यात बसता येईल का? बग्गीवर हमाली-तोलाई लागते का? हे सगळे विनोद नाहीत, कारकुनी आहे. पण उपरोधिक अद्भुत कथेत हसू कारकुनीतूनच येतं. जादू अशक्य असते. तिच्याभोवती जमलेली माणसं मात्र अगदी शक्य असायला हवीत.

मात्र एक सांगते. कांद्याचा नियम घेतलात तर शहरातली बाकीची आकर्षणं सोडा. तुमच्या मसुद्यात नारोशंकराची घंटा आहे, दुतोंड्या मारुती आहे, रंगपंचमीच्या रहाडी (रंगाचे हौद) आहेत, नाशिकरोडचा नोटांचा कारखाना आहे, शिवाय मिसळ आणि चिवडा. बाहेरच्या पाहुण्याला गाव दाखवत फिरल्यासारखं वाटतं. यांतलं प्रत्येक एकेका कादंबरीचं भांडवल आहे. वसईच्या विजयानंतर, म्हणजे १७३९ नंतर पोर्तुगिजांची घंटा इथे येऊन नारोशंकराच्या देवळात टांगली गेली. दुसऱ्याची घंटा आपल्या देवळात वाजतेय, ही एवढी गोष्टच बारा वाजवायला पुरेशी आहे. गोदेला पूर आला की अख्खं शहर दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते विचारतं. वर्षभर जमिनीखाली झाकलेली पेशवेकालीन रहाड रंगपंचमीला उघडते आणि लोक तिच्यात धप्पा मारतात. यापेक्षा चांगलं दुसऱ्या जगाचं दार कुठे मिळणार? पण एका कादंबरीत एक. मला विचाराल तर कांदा ठेवा, घंटा पुढच्या पुस्तकाला.

शहराचं नाव घ्यावं का? माझं मत, घेऊ नये. आपल्याकडे तमाशातल्या वगाने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. गण, गौळण, बतावणी झाली की वग लागतो. त्यात राजा असतो, प्रधान असतो, शिपाई असतो. नगर कुठलं ते कुणी विचारत नाही, आणि समोर बसलेल्या शेवटच्या माणसालाही प्रधान म्हणजे गावातला कोण ते ठाऊक असतं. सोंगाड्या आजचं बोलतो, राजा जुनं बोलतो, दोघांना एकमेकांचं बोलणं समजतं. आटपाट नगर म्हणा. नदी, घाट, द्राक्षाचे मांडव आणि बारा वर्षांनी येणारी एक प्रचंड जत्रा एवढं असलं की पंचवटीतला वाचक पहिल्याच पानावर खूण ओळखेल. साताऱ्याच्या वाचकाला त्यात आपलं गाव दिसेल. नाव घेतलंत की साताऱ्याचा वाचक पाहुणा होतो.

भाषेकडे येते. कहाणीची शैली जरूर वापरा, पण ती का चालते ते समजून. कहाणीत विशेषणं जवळजवळ नाहीत. वाक्यं छोटी, क्रियापदावर संपणारी. कुणाच्या मनात काय आलं हे सांगत नाहीत, कोण काय बोललं आणि काय केलं तेवढं सांगतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सांगणारी बाई हसत नाही. तुमचा निवेदक दर चार ओळींनी वाचकाला कोपराने ढोसतो. ते काढा. नमुन्यादाखल मीच एक तुकडा लिहून बघते:

"आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. त्याच्या पोराला एक जोडा सापडला. राजानं दवंडी पिटली, ज्या पायात जोडा बसेल ती माझी सून. नगरात उपवर मुली किती? राजाला ठाऊक नव्हतं. प्रधानाला विचारलं. प्रधान म्हणाला, जन्मलेल्या इतक्या, शाळेत गेलेल्या इतक्या, आणि धान्य नेणाऱ्या दोहोंहून अधिक. राजानं तिसरा आकडा धरला. मांडव घातला, पाट मांडले, मुली रांगेत बसल्या. पहिल्या दिवशी जोडा कुणाला बसला नाही. दुसऱ्या दिवशी दोघींना बसला. तिसऱ्या दिवशी एकवीस जणींना बसला. राजा म्हणाला, जोडा सैल झाला काय? प्रधान म्हणाला, महाराज, काच सैल होत नाही. राजा म्हणाला, मग पाय आवळले असतील. तशी नोंद झाली. एकवीस जणींपाशी एकवीस दाखले होते. नावडती गोठ्यात होती. तिला खबर लागली, ती मांडवात आली. कारकून म्हणाला, दाखला? नावडती म्हणाली, पाय आहे. कारकून म्हणाला, पाय सगळ्यांनाच असतो. पुढची."

यात आजचा एकही शब्द मुद्दाम पेरलेला नाही. मोबाइल नाही, सेल्फी नाही. तरी वाचकाला तहसील कचेरीतली खिडकी दिसते. ही शैली तीन-चार पानांच्या पुढे मात्र सलग ताणू नका, कान दमतो. कहाणी हा दर प्रकरणाचा आरंभ ठेवा, मधला ऐवज साध्या बोलत्या मराठीत लिहा. दोन्हींतला फरकच तुम्हाला काम करून देईल: कहाणी सांगते ते अधिकृत, आणि मधल्या भागात घडतं ते प्रत्यक्ष.

सावत्र आईविषयी एक-दोन गोष्टी. ग्रिम बंधूंच्या पहिल्या आवृत्तीत 'हिमगौरी'ची वैरीण तिची सख्खी आई होती, नंतरच्या आवृत्तीत ती सावत्र केली गेली. 'हॅन्सेल आणि ग्रेटेल'मध्येही तेच झालं. म्हणजे सावत्र आई हे पात्र काही प्रमाणात संपादकांनी तयार केलेलं आहे, सख्ख्या आईची इज्जत राखायला. तुमच्या कादंबरीत ही गोष्ट कामाची आहे. पण हल्ली खलनायिकेला एकदम निर्दोष करून टाकायची फॅशन निघाली आहे, तिच्यामागे लागू नका. तिचं बालपण दुःखाचं, तिला कुणी समजून घेतलं नाही, वगैरे. त्याने उपरोध वितळून जातो. मेन रोडच्या दुकानाचं कर्ज, उधारीवर गेलेल्या पैठण्या, दोन मुलींची लग्नं आणि नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी, एवढा हिशेब तिच्या डोक्यात चालू ठेवा. त्या हिशेबात ती बरोबर असू दे. तरीही ती पोरीला गोठ्यात झोपवते, हेही राहू दे.

शेवट कसा करायचा ते मी सांगणार नाही, फक्त दोन टोकं दाखवते. पेरोची सिंड्रेला बहिणींना माफ करते आणि दरबारातल्या दोन सरदारांशी त्यांची लग्नं लावून देते, म्हणजे आता तीच वशिला झाली. ग्रिमच्या पुढच्या आवृत्तीत पक्षी बहिणींचे डोळे फोडतात. माझा कौल पेरोला. ज्या मुलीला वशिल्याशिवाय काही मिळालं नाही, ती वर गेल्यावर पहिलं काम वशिला लावण्याचं करते. त्यात तिचा चांगुलपणाही खरा आहे, हे विशेष.

भावना दुखावतील का? कहाणीतला देव, वसा आणि तो मनापासून करणारी बाई यांना हात लावायची तुम्हाला गरजच नाही. शिवामुठीच्या कहाणीत देव सगळ्यांत सरळ वागतो. देऊळ सोन्याचं झाल्यावर तिथे पावतीपुस्तक घेऊन कोण उभं राहिलं, हा तुमचा विषय. छापण्याआधी दरवर्षी शिवामूठ वाहणाऱ्या दोन बायकांना हस्तलिखित वाचायला द्या. त्या कुठे हसतात आणि कुठे चष्मा काढून ठेवतात, ते बघा.

हक्कांचं सोपं आहे. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. पेरो १७०३ मध्ये गेला, ग्रिम बंधू १८५९ आणि १८६३ मध्ये, म्हणून त्यांच्या गोष्टी कुणीही वापरू शकतं. कहाण्या तर लोकांच्याच आहेत. १९५०च्या डिस्नेच्या चित्रपटातली उंदरांची नावं, गाणी, कपड्यांचं ठरावीक रूप यांपैकी काही घेऊ नका. तुमच्या दुसऱ्या प्रकरणातला टोपी घातलेला लठ्ठ उंदीर मला थेट तिथूनच आलेला वाटला, त्याला रजा द्या. हवा असेल तर आपला राजाला भिकारी म्हणणारा टोपीवाला उंदीर आहेच, त्याच्याइतका निर्भीड राजकीय टीकाकार दुसरा मिळायचा नाही.

छापतं का कोणी? मराठी वाचकाला अद्भुताचं वावडं आहे, असं म्हणणाऱ्यांना मराठी कादंबरीचा आरंभ आठवत नाही. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची, आणि त्यानंतर बराच काळ अद्भुतरम्य कादंबऱ्याच लोक आवडीने वाचत होते. आपल्याच शहरात २०२१ साली झालेल्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद जयंत नारळीकरांकडे होतं, म्हणजे विज्ञानकथा लिहिणारा लेखक तिथपर्यंत पोचला. अडचण वेगळी आहे. उपरोधिक अद्भुत कादंबरी कुठल्या कपाटात ठेवायची ते दुकानदाराला कळत नाही, म्हणून ती बालसाहित्यात जाते आणि तिथून शिव्या खाऊन परत येते. मुखपृष्ठावर जोडा, बग्गी, मुकुट काही नको, आणि मलपृष्ठावर 'मोठ्यांसाठी' असं स्पष्ट छापून घ्या. प्रकाशकाने अमुक प्रती लेखकाने विकत घ्याव्यात अशी अट घातली तर ती करारात किमतीसकट लिहून मागा, तोंडी मान्य करू नका. ध्वनिपुस्तक, नाटक आणि मालिका यांचे हक्क करारात वेगळे राखून ठेवा. वगाच्या अंगाने लिहिलेली कादंबरी रंगमंचावर जायची शक्यता बरीच असते, आणि तेव्हा हे कलम उपयोगी पडतं.